आक्षेप : निरंक

परिपत्रक वाचलं की दोन गोष्टी कळतात. काय करायचं नाही ते कळतं, आणि ते आधी कुणीतरी करून बसलेलं आहे हेही कळतं. एका पंचायत समितीच्या भिंतीवर ‘कार्यालयीन कपाटात भाजीपाला ठेवू नये’ असा फलक होता. ती मेथीची जुडी कुठल्या टेबलाची, हे शोधून काढायला मला चहा येईपर्यंतचा वेळही लागला नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षेत हयात घालवली की डोळ्यांना ही खोड लागतेच. इतरांना नियम दिसतो, आपल्याला त्यामागचा इसम दिसतो.

या खोडीला आजवरचं सर्वांत मोठं खाद्य मिळालं ते इंग्लंडात, आणि तेही सहाव्या शतकातल्या एका लॅटिन परिपत्रकात. संत बेनेडिक्ट यांनी मठवासी साधूंसाठी लिहिलेली ही नियमावली. प्रकरणं ७३. पहिलाच शब्द ‘ऐक’ असा. सहाव्या प्रकरणात हसू आणणाऱ्या बोलण्यावर सर्व ठिकाणी, कायमची बंदी. सातव्यात नम्रतेच्या बारा पायऱ्या, आणि त्यातली दहावी म्हणजे चटकन हसू न येणं. एवढं सगळं गंभीरपणे मांडून ठेवलेलं पुस्तक वाचताना मी पांघरुणात तोंड खुपसून हसत होतो, कारण बाहेर रात्रीचं मौन सुरू झालं होतं.

जागा होती आइल ऑफ वाइट या बेटावरची क्वार ॲबी. लेक साउदॅम्प्टनला असते. तिनं मला तिथे मुक्कामाला का पाठवलं, तर ‘बाबा, तुम्हाला जुन्या इमारती आवडतात आणि शांतताही आवडते’ म्हणून. जावयानं वेगळं कारण दिलं नाही. माझी बॅग मात्र त्यानं आदल्या रात्रीच गाडीत नेऊन ठेवली होती. त्या आठवड्यात मी त्यांच्या फ्रिजमधल्या सगळ्या बरण्यांच्या तारखा तपासून मुदत संपलेल्यांची यादी केली होती आणि दारावर चिकटवली होती. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध आहे असा माझा दावा नाही. नोंद घेतली, इतकंच.

मठात पुरुष पाहुण्याला आत, साधूंच्या बरोबरीनं जेवायला बसता येतं. बायकांना नाही. हे कळल्यावर ही म्हणाली, ‘तुम्ही जा. मला बोलल्याशिवाय जेवण जात नाही.’ ती आणि लेक त्याच बेटावरचं ऑस्बोर्न हाउस पाहायला गेल्या. व्हिक्टोरिया राणीच्या त्या वाड्यात दरबार रूम आहे. तिची रचना पंजाबातल्या भाई राम सिंग यांनी केली. आम्ही साउदॅम्प्टनहून गाडीसकट बोटीत चढलो, ईस्ट काउझला उतरलो. बायका तिथेच उतरल्या, मला पुढे क्वारला सोडण्यात आलं. ‘सोडण्यात आलं’ हा कर्मणी प्रयोग मुद्दाम.

रस्ता झाडीतून जातो. या बेटावर लाल खारी आहेत. इंग्लंडात बहुतेक ठिकाणी करड्या खारींनी त्यांना हुसकावून लावलं, इथे त्या टिकल्या. झाडी संपते आणि एकदम समोर विटा येतात. साधा विटांचा ढीग नव्हे. लाल, पिवळसर, गुलाबी अशा विटांचे मनोरे, कमानी, जाळ्या. क्षणभर स्पेनमध्ये आलो की काय असं वाटतं. हे काम दों पॉल बेलो या फ्रेंच साधूचं. पॅरिसला रीतसर वास्तुशास्त्र शिकून हा गृहस्थ १९०२ साली मठात दाखल झाला. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्सनं धार्मिक संघांविषयी कायदा केला होता, आणि तिथल्या सोलेम मठाचे बेनेडिक्टाइन साधू गाशा गुंडाळून या बेटावर आले होते. आधी भाड्याच्या वाड्यात राहिले, मग १९०७ साली ही जागा घेतली. घरात आर्किटेक्ट होताच. बेटावरचे सुमारे ३०० मजूर कामाला लागले, ज्यांनी तोवर राहत्या घरांपलीकडे काही बांधलं नव्हतं. भोजनगृह वर्षभरात उभं राहिलं. चर्च १९११च्या एप्रिलमध्ये सुरू झालं आणि १९१२च्या ऑक्टोबरमध्ये त्याचं उद्घाटन झालं. मी आयुष्यभर बांधकामांची मोजमाप पुस्तकं तपासली आहेत. गावातल्या समाजमंदिराच्या पायाभरणीपासून पत्र्यांपर्यंतच्या प्रवासात तीन सरपंच बदललेले मी पाहिले आहेत. या तारखा मी दोनदा विचारून घेतल्या.

जवळच जुन्या मठाचे अवशेष आहेत. तो ११३२ सालचा. त्याचं काय झालं, हे ऐकून मात्र मला व्यवसायाच्या नात्यानं अवघडल्यासारखं झालं. आठव्या हेन्रीनं १५३५ साली सगळ्या चर्च आणि मठांच्या मिळकतीची तपासणी करवली. गावोगाव आयुक्त गेले, वह्या भरल्या. पुढच्याच वर्षी कायदा झाला की वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्नाचे मठ बंद. १५३६ साली क्वार बंद झालं आणि त्याचे दगड किनाऱ्यावरच्या किल्ल्यांना गेले. लेखापरीक्षणाचं अनुपालन इतक्या तातडीनं झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

माझं स्वागत पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या फादरांनी केलं. मी म्हटलं, ‘इथे बोलत नाहीत असं ऐकलं होतं.’ ते म्हणाले, बोलतो की, गरजेपुरतं. मग आवारातली डुकरं दाखवायला नेलं. मठाकडे डुकरं आहेत, आणि येणाऱ्या मुलाबाळांना मनोऱ्यांपेक्षा त्यांचंच कौतुक जास्त. नियमावलीच्या ३९व्या प्रकरणात, अगदी अशक्त आजाऱ्यांखेरीज कुणीही चतुष्पादाचं मांस खाऊ नये असं लिहिलं आहे, हे फादरांनीच सांगितलं. डुकरांची एकंदर बैठक बघता त्यांना ते प्रकरण पाठ असावं. मी तसं म्हटलं. फादर मोकळेपणी हसले. तेव्हा मी ते पुस्तक वाचलं नव्हतं, नाहीतर त्यांना तिथेच प्रकरण सहा दाखवलं असतं.

पुस्तक खोलीतल्या टेबलावर होतं. बाकी खोलीत पलंग, खुर्ची, दिवा आणि खिडकी. मी सवयीनं उभ्याउभ्या चाळायला घेतलं आणि पहिल्या काही पानांतच खुर्ची ओढून बसलो. प्रकरण २२ : झोपताना कमरेची सुरी काढून ठेवावी, म्हणजे झोपेत स्वतःलाच इजा होणार नाही.

त्या इसमाचा मी बराच वेळ विचार केला. इटलीतल्या डोंगरावरची रात्र. ओळीनं झोपलेले साधू. आणि एकदम ‘अगं आई गं’ या अर्थाची लॅटिन किंकाळी. सगळे उठले, दिवा आणला, पट्टी बांधली. कुणीतरी म्हणालं असेल, सांगत होतो याला. दुसऱ्या दिवशी सकाळी संत बेनेडिक्ट दौत घेऊन बसले.

मग मी पुढचं सगळं असंच वाचत गेलो. प्रकरण ४० : वाइन साधूंसाठी नाहीच, असं म्हणतात; पण आजकालच्या साधूंना हे पटवता येत नसल्यानं निदान पोटभर तरी पिऊ नये. म्हणून प्रत्येकी दिवसाला एक हेमिना. हेमिना म्हणजे नेमकी किती, यावर विद्वानांत वाद आहे. पाव लिटरपासून अर्ध्या लिटरपर्यंत अंदाज जातात. दीड हजार वर्षं एक माप निश्चित होत नाही याचा अर्थ वाद घालणारेही तेच मोजून पीत असणार. पण मला आवडलं ते ‘आजकालच्या’. माणसाची प्रत घसरली, ही तक्रार सहाव्या शतकातही जुनीच होती. स्तोत्रांचंही तेच. सगळी १५० स्तोत्रं आठवड्यात म्हणून व्हायला हवीत, असा नियम; आणि लगेच टोमणा, की आपले पूर्वज हे एका दिवसात करत, आपण आळशी, निदान आठवड्यात तरी करू या.

प्रकरण ३२ला तर मला गहिवरून आलं. मठाची अवजारं, कपडे, भांडी ज्यांच्याकडे दिली, त्यांची यादी ॲबटनं, म्हणजे मठप्रमुखानं, स्वतःजवळ ठेवावी, म्हणजे माणसं बदलली तरी काय दिलं आणि काय परत आलं ते कळेल. जडवस्तू संग्रह नोंदवही! रोम पडलं, सगळीकडे टोळ्या फिरतायत, आणि एका डोंगरावर एक माणूस घमेली मोजून लिहून ठेवतोय. ३५व्या प्रकरणात आठवड्याच्या स्वयंपाक्यांचा चार्ज कसा द्यायचा ते आहे. शनिवारी साफसफाई करावी, टॉवेल धुवावेत, भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत भांडारपालाकडे द्यावीत, त्यानं ती पुढच्याच्या ताब्यात द्यावीत. ‘धड’ या शब्दाशी माझं बोट थांबलं. निर्लेखनाच्या प्रस्तावाशिवाय फुटलेली कढई मी पाहिली आहे. ती परत करणाऱ्याचा चेहराही पाहिला आहे. ३१व्यात भांडारपालाला सांगितलंय की मठाची प्रत्येक वस्तू पूजेच्या भांड्यासारखी मानावी, आणि मागणाऱ्याला द्यायला काही नसेल तर निदान गोड शब्द द्यावा. आमच्याकडच्या भांडारांतही द्यायला काही नसे तेव्हा शब्द मिळे. चव वेगळी असे.

प्रकरण ५५ : अंथरुणांची झडती ॲबटनं वरचेवर घ्यावी. ३३ : कुणाचंही स्वतःचं काही असू नये, पुस्तक नाही, लिहायची पाटी नाही, पेनसुद्धा नाही. माझ्या खिशाला निळं, लाल आणि हिरवं अशी तीन पेनं होती. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

अशा माणसाला त्याचे साधू काय म्हणत असतील? पोप ग्रेगरी यांनी बेनेडिक्टचं चरित्र लिहिलंय, त्यात उत्तर आहे. एका मठातल्या साधूंनी त्यांना आग्रह करकरून प्रमुख म्हणून नेलं. मग शिस्त झेपेना. तेव्हा त्यांनी वाइनमध्ये विष घातलं. बेनेडिक्टनी क्रुसाची खूण केली आणि पेला फुटला, असं ग्रेगरी सांगतात. पेला फुटल्यावर बेनेडिक्ट न रागावता उठले, मी आधीच म्हटलं होतं आपलं जमणार नाही, असं सांगून निघून गेले. तालुक्याच्या गावी तपासणीला गेल्यावर समोर आलेल्या चहाकडे मी कधी कधी ज्या नजरेनं पाहिलं, तिला इतकी थोर परंपरा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

जेवणाची घंटा झाली. बेलोनं बांधलेल्या त्या उंच विटांच्या दालनात भिंतींना लागून टेबलं, साधू एका बाजूनं बसलेले, मधली जागा मोकळी. आपल्या पंगतीचीच मांडणी. फक्त आवाज काढून घेतलेला. पंगतीत ‘मठ्ठा, मठ्ठा’ करत कुणी धावत नाही, ‘अहो, एक तरी जिलबी’ म्हणून पानावर ओणवं होत नाही, यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत नाही. सगळे खाली बघून खातायत आणि एक साधू वरच्या बाजूला बसून एका सुरात पुस्तक वाचून दाखवतोय. सूर वर जात नाही, खाली येत नाही. खून झाला असो की पाऊस पडला असो, पट्टी तीच. ३८व्या प्रकरणाप्रमाणे जेवताना वाचणाऱ्याखेरीज कुणाचाही आवाज येता कामा नये.

आणि सूप आलं.

आमच्या घराण्यात पातळ पदार्थ भुरका मारून खातात. आजोबांचा आमटीचा भुरका चौकात ऐकू जाई आणि आजीला त्यावरून मीठ कळे. मी पहिला चमचा अत्यंत सावधपणे तोंडाशी नेला. विटांच्या कमानींची एक खासियत असते, त्या आवाज जपून ठेवतात. वाचणारा थांबला नाही, पण मला वाटलं त्यानं पूर्णविराम जरा लांबवला. पुढचं सूप मी वाफ जाईपर्यंत नुसतं बघत बसलो.

सुपात मीठ कमी होतं का? सांगायचं कसं? खाणाखुणा चालतात, पण मिठाची खूण कोणती? बोटं चोळावीत तर पैसे मागितल्यासारखं दिसतं. मी असा विचार करत मान वर करतो तोच समोरच्या म्हाताऱ्या साधूनं मिठाची डबी माझ्यासमोर सरकवलेली होती. त्यांचं लक्ष ताटात होतं. तेही प्रकरण ३८. जे हवं ते एकमेकांना असं पुरवावं की कुणाला मागावंच लागू नये. मी वाढप्यांच्या फौजा पाहिल्या आहेत, पाच-पाच वेळा हात वर करूनही कोशिंबीर न मिळालेले व्याही पाहिले आहेत. इथे वाढणारा आणि मागणारा यांच्यात एक शब्दही खर्च झाला नाही. पण हेही सांगतो, पंगत उठली तेव्हा किती खाल्लं हे कुणी विचारलं नाही, त्यामुळे पोट भरल्यासारखं काही वाटलं नाही.

पहाटेच्या प्रार्थनेला यायची पाहुण्यांवर सक्ती नसते. नसते म्हटल्यावर मी गेलो. साडेपाचच्या सुमाराला चर्चमध्ये गार अंधार होता. मोजकेच साधू आज इथे उरले आहेत, पण लॅटिन गायन सुरू झालं की विटांमधून अजून दहावीस जण साथ देतायत असं वाटतं. सोलेमच्या परंपरेत या ग्रेगोरियन गायनावर फार काम झालंय. त्यातलं मला काही कळत नाही. पण सुरुवातीचं ९४वं स्तोत्र का रेंगाळत म्हणतात, ते प्रकरण ४३ वाचल्यामुळे मला माहीत होतं. उशिरा येणाऱ्यांना आत पोचता यावं म्हणून! ते संपायच्या आत आला तर आला, नंतर आला तर शेवटी, सगळ्यांना दिसेल असं उभं राहायचं. पण आत यायचंच. कारण बाहेर ठेवलं तर तो परत जाऊन झोपेल, नाहीतर दाराशी बसून गप्पा मारेल, असं बेनेडिक्टनी स्वच्छ लिहून ठेवलंय. हजेरीपत्रकावर लाल रेघ मारून आपण काय मिळवलं, याचा मी तिथे विचार करू लागलो. रेघ मारली की तो इसम सरळ कॅन्टीनला जात असे. तेवढ्यात माझ्या शेजारच्या खोलीतले इंग्रज पाहुणे, निवृत्त शिक्षक, बुटाच्या नाड्या लोंबवत आत शिरले. स्तोत्राची शेवटची ओळ चालू होती. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. आम्ही दोघंही प्रकरण ४३चे लाभार्थी.

दुपारी मी बागेत बसलो होतो. तिथे चहा-केकचं दुकान आहे, म्हणजे बोलायची सोय आहे. शिक्षक म्हणाले, तुम्हाला रॉबर्ट ग्रेव्हज माहीत आहे का? पहिल्या महायुद्धाच्या काळात हा कवी ऑस्बोर्नला विश्रांतीला होता, तिथून या फ्रेंच साधूंकडे येई. मठाचं ग्रंथालय पाहून त्यानं विचारलं, कवितेचा विभाग आहे का? ग्रंथपाल फादर प्रेमळपणे हसले आणि नाही म्हणाले. कवितेनं माणूस सुधारतो असं इथे समजत नाहीत, अशा अर्थाचं उत्तर. ग्रेव्हजनं हे आत्मचरित्रात लिहिलंय. मी म्हटलं, आमच्या गावच्या वाचनालयातही कवितेचा विभाग आहे, सुधारलेला माणूस मात्र मी शोधतोय.

शिक्षकांना बोलायला कुणीतरी हवंच होतं. मलाही. मौनाच्या ठिकाणी माणसं किती बोलतात हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. मग मी त्यांना स्कोलास्टिकाची गोष्ट सांगितली, तीही ग्रेगरींनीच लिहिलेली. बेनेडिक्टची ही बहीण. वर्षातून एकदा भाऊबहीण मठाबाहेरच्या एका घरी भेटत. एकदा रात्र झाली तरी बहिणीचं समाधान होईना. ती म्हणाली, राहा आज, सकाळपर्यंत बोलत बसू. हे म्हणाले, छे, मी मठाबाहेर रात्र काढू? नियम आहे. तिनं हात जोडून, डोकं टेकवून प्रार्थना केली, आणि निरभ्र आकाशातून असा पाऊस कोसळला की दाराबाहेर पाऊल टाकता येईना. हे काय केलंस, असं भाऊ विचारू लागला. ती म्हणाली, तुला विचारलं, तू ऐकलं नाहीस. देवाला विचारलं, त्यानं ऐकलं. आता जा, जमत असेल तर. रात्रभर बोलत बसले दोघं. ज्या माणसानं मौनावर आख्खं प्रकरण लिहिलं, त्याच्या आयुष्यातली ही रात्र लिहून ठेवायला पोपच लागला. हे मी बायकोला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘बहीण होती म्हणून पाऊस. बायको असती तर नुसतं बघितलं असतं.’

निघायच्या दिवशी पाकिटाचा प्रश्न आला. तिथे दर नसतो, ज्यानं त्यानं आपल्या मनाप्रमाणे द्यायचं. असल्या ठिकाणी आपला माणूस घामाघूम होतो. जास्त दिलं तर जीव जातो, कमी दिलं तर झोप. लेकीनं पौंड सांगितले होते, त्यात मी वर एक पौंडाचं नाणं घातलं, कारण पाकिटात शून्यावर संपणारा आकडा घालायचा नाही ही आईची शिकवण. पेटीत पाकीट टाकल्यावर ते नाणं खणकन वाजलं. चर्चमधून बाहेर येणाऱ्या दोन बायकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी फक्त चिल्लरच टाकली.

मग फादरांनी अभिप्रायाची वही पुढे केली. काही सुचवायचं असेल तर जरूर लिहा, म्हणाले. त्यांना काय कल्पना, समोर कोण उभं आहे! कारण प्रकरण ६१ मी लाल पेनानं अधोरेखित करता करता थांबलो होतो. दुरून आलेल्या साधूनं मठातलं काही उणं दाखवलं, तर ॲबटनं त्यावर शहाणपणानं विचार करावा. कदाचित देवानं त्याला त्यासाठीच पाठवलं असेल. कलम साधूसाठी आहे, लेखापरीक्षकासाठी नाही, हे मान्य. पण दुरून आलो होतो हे निर्विवाद होतं, आणि माझ्या हयातीत कुठल्याही कार्यालयानं मला देवानं पाठवलं असेल अशी शंका घेतली नव्हती. मी हिरव्या पेनाचं टोपण काढलं.

आणि मग अट आठवली. उणं दाखवायचं ते वाजवी असावं, आणि नम्रतेनं व प्रेमानं दाखवावं. वाजवीचं मी बघून घेतलं असतं. बाकी दोन्हींचा मला विभागीय अनुभव नाही. फादर वाट पाहत उभे होते, पुढची घंटा होत आली होती. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि अभिप्रायाच्या रकान्यात, नोकरीत कधी न लिहिलेला शब्द लिहिला : निरंक.

‘काय लिहून आलात?’ गाडीत हिनं विचारलं. मी सांगितलं. हिनं काही न बोलता माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

‘ताप आहे का गं बाबांना?’ पुढच्या सीटवरून लेक म्हणाली.

‘नाहीये. पण मघापासून याच्या गाडी चालवण्यावरही काही बोलले नाहीत.’